सबनेट पाडल्यापासून ऑफिसमधून लॅबचा प्रिंटर लागत नाही – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

तालुक्याच्या गावातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी संगणक प्रयोगशाळा सांभाळते. नेटवर्कचं कामही माझ्याकडेच आहे. सोमवारपासून परीक्षेच्या फॉर्मच्या प्रिंट काढायच्या आहेत, म्हणून जरा घाईने विचारते आहे.

आतापर्यंत सगळं १९२.१६८.१.० /२४ या एकाच नेटवर्कवर होतं (/२४ म्हणजे पत्त्याच्या ३२ बिटांपैकी पहिले २४ नेटवर्कचे). वापरता येणारे पत्ते २५४. लॅबचे ५५ संगणक, ऑफिसचे २०, कॅमेरे २४ आणि वायफायवर मुलांचे फोन, एका वेळी शंभरेक. जूनपासून दुपारच्या पाळीत रोज रडगाणं सुरू झालं: ऑफिसचा संगणक चालू केला की आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ताच, मिळत नाही; संगणकाने स्वतःच घेतलेला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसतो. क्लार्क मॅडम दाखले टाइप करून बसलेल्या आणि पुढे काही हलत नाही, हे बघवेना.

मग या नेटवर्कचे लहान भाग, म्हणजे सबनेट, पाडायचं कागदावर गणित मांडलं. आधी सर्वांत मोठा गट, मग उतरत्या क्रमाने (आकडे पत्त्याच्या शेवटच्या भागाचे):

वायफाय – ० ते १२७, /२५
लॅब – १२८ ते १९१, /२६
ऑफिस – १९२ ते २२३, /२७
कॅमेरे – २२४ ते २५५, /२७

मॅनेज्ड स्विचवर चार व्हीलॅन (एकाच स्विचवरची वेगवेगळी नेटवर्क) केले, राउटरवर प्रत्येकाचा गेटवे (त्या नेटवर्कबाहेर जायचा दरवाजा) दिला. लॅबचा गेटवे .१२९, ऑफिसचा .१९३. संगणकांना नवे पत्ते डीएचसीपीने (पत्ते आपोआप वाटणारी सोय) व्यवस्थित मिळाले, इंटरनेट सगळीकडे चालतं.

अडलंय ते प्रिंटरपाशी. लॅबमध्ये मोठा लेझर प्रिंटर आहे, पत्ता १९२.१६८.१.१५०, हाताने दिलेला. लॅबच्या प्रत्येक संगणकावरून प्रिंट निघते. राउटरवरून पिंग (‘आहेस का?’ अशी चाचणीची हाक) लागतो. ऑफिसमधून मात्र प्रिंट नाही आणि पिंगही नाही. गंमत वाटेल, पण ऑफिसमधून लॅबच्या बाकी संगणकांना पिंग लागतो! फायरवॉल दोनदा तपासली, स्विचचा पोर्ट बदलला, केबल बदलली. काल रात्री आठपर्यंत तिथेच होते.

दुसरी शंका: आमच्या जुन्या क्रमिक पुस्तकात लिहिलंय की पहिलं आणि शेवटचं सबनेट वापरायचं नसतं. तसं असेल तर माझी अख्खी मांडणीच चुकली का?

जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

ताई, मांडणी बरोबर आहे. आधी प्रिंटरचं बघा. त्याचा पत्ता तुम्ही बदलला नाहीत, कारण १५० नव्या लॅबच्या हद्दीतच पडतो. पण मास्क (पत्त्याचा कुठला भाग नेटवर्कचा ते सांगणारा आकडा) बदललात का? तिथे अजून २५५.२५५.२५५.० असणार, असा माझा दाट संशय आहे.

असं समजा. ऑफिसचा संगणक .२०० आहे. त्याचा पिंग राउटरमार्गे प्रिंटरपर्यंत नीट पोचतो. उत्तर देताना प्रिंटर बघतो, ‘.२०० माझ्याच नेटवर्कमधला का?’ जुन्या मास्कने पहिले तीन आकडे जुळले की तो ‘हो’ म्हणतो. मग गेटवेकडे न जाता लॅबच्या व्हीलॅनमध्येच हाक मारत बसतो, ‘.२०० कोण आहे?’ तिथे .२०० नाहीच, तर ओ कोण देणार? राउटर विचारतो तो .१२९ वरून, म्हणजे लॅबमधूनच, म्हणून त्याला उत्तर मिळतं.

नवा मास्क २५५.२५५.२५५.१९२. शेवटचा आकडा बायनरीत ११००००००. १५० म्हणजे १००१०११०, मास्क लावला (दोन्हींकडे १ असेल तिथेच १ ठेवला) की उरतं १२८. २०० म्हणजे ११००१०००, उरतं १९२. दोन्ही वेगळे, म्हणजे पाकीट गेटवेकडे द्यायचं, हे प्रिंटरला तेव्हा कळेल. गेटवेही बघा, तिथे जुना .१ असेल तर .१२९ करा.

प्रतिसाद २

पुस्तकातल्या नियमाबद्दल. तो १९८५ च्या आरएफसी ९५० च्या काळातला आहे (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या पद्धतींचे क्रमांकित दस्तऐवज). पहिल्या सबनेटचा पत्ता आणि अख्ख्या नेटवर्कचा पत्ता एकच दिसायचा, शेवटच्याचा ब्रॉडकास्ट पत्ताही (सगळ्यांना एकदम हाक मारायचा) तसाच. तेव्हाचे राउटर एकमेकांना मास्क कळवत नसत, त्यामुळे घोळ व्हायचा. १९९५ च्या आरएफसी १८७८ मध्ये ही पद्धत कालबाह्य म्हटली आहे. बिनधास्त वापरा.

मला काळजी वायफायची वाटते. तुमच्याकडे पाळ्या दोन दिसतात. डीएचसीपीची लीज (दिलेला पत्ता राखून ठेवायची मुदत) २४ तासांची असेल तर सकाळच्या शंभर फोनचे पत्ते दुपारीही अडकलेलेच राहतात. /२५ चे १२६ पत्ते कसे पुरणार? लीज एक-दोन तासांवर आणा. आणि एकाच /२४ मध्ये इतकी दाटीवाटी कशाला? १९२.१६८ ची सगळी रांग खासगी वापराचीच आहे, ६५,५३६ पत्ते. लॅबला १९२.१६८.२०.०, ऑफिसला १९२.१६८.३०.०, कॅमेऱ्यांना १९२.१६८.४०.०, सगळे /२४. वायफायला १९२.१६८.१०.० /२३ दिलंत तर ५१० पत्ते मिळतील. पत्ता वाचला की कुठला संगणक ते लगेच कळेल. कॅमेऱ्यांचे मास्कही तपासा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. आत्ताच लॅबमधून आले. प्रिंटरच्या छोट्या पडद्यावर बाण दाबत दाबत नेटवर्कच्या पानावर गेले, तर मास्क २५५.२५५.२५५.० आणि गेटवे .१! दोन्ही बदलून प्रिंटर बंद-चालू केला. ऑफिसमधून पिंगला चारपैकी चार उत्तरं आली आणि मॅडमनी पहिला फॉर्म काढलासुद्धा.

कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरलाही नवा पत्ता देताना मास्क जुनाच राहिला होता. प्राचार्यांच्या संगणकावर चित्र का दिसत नव्हतं, ते कळलं. लीज २४ तासांचीच होती, ती दोन तासांवर आणली. वेगवेगळ्या रांगांचं काम दिवाळीच्या सुट्टीत करणार आहे, कारण चोवीस कॅमेऱ्यांना हाताने पत्ते द्यायला निवांत दोन दिवस हवेत. प्रिंटरला तेव्हा १९२.१६८.२०.१५० देईन, शेवटचा आकडा सगळ्यांना पाठ आहे.