बोपदेव पहाटे की संध्याकाळी? माझे टाइम तर संध्याकाळच्या बाजूने आहेत

घाटवेडा: गेले चार महिने पुण्याजवळचा बोपदेव घाट कोंढव्याच्या बाजूने सायकलवर चढतोय. शनिवारी पहाटे साडेपाचला ग्रुपबरोबर आणि बुधवारी ऑफिस लवकर सुटलं तर सहाच्या सुमारास एकटा. पहाटेचा माझा बेस्ट टाइम संध्याकाळच्या साध्या टाइमपेक्षा 40 सेकंद जास्त आहे राव! पहाटे पहिल्या दोन वळणांपर्यंत पाय लाकडाचे असतात, संध्याकाळी तीच वळणं कधी मागे पडली कळत पण नाही. शरीराचं आतलं तापमान पहाटे 4-5 ला सगळ्यात कमी असतं आणि संध्याकाळी सगळ्यात जास्त, स्नायू गरम तर ताकद जास्त, इतकं सरळ आहे. मग आपण सगळे पहाटेच का मरायला उठतो? ट्रॅफिक सोडून कारण सांगा.

पेडलकाका: ट्रॅफिक सोडून म्हणे! म्हणजे पाऊस सोडून पावसाळ्याबद्दल बोला. अरे संध्याकाळी सहाला कोंढव्यात डंपरच्या मागे धूर खात घाटाच्या पायथ्याला पोचायचं आणि मग 40 सेकंद वाचवायचे, कशाला? आणि मार्च ते मे संध्याकाळी पश्चिमेचा वारा सुटतो, घाट आग्नेयेला जातो, तेव्हा तुझ्या टाइममधे तुझे पाय किती आणि वारा किती ते आधी सांग.

घाटवेडा: काका, घाटात ताशी 12-13 च्या स्पीडला वाऱ्याचा असा किती फरक पडणार? आणि घरी ट्रेनरवर (सायकल जागेवरच चालवायचा स्टँड) पण तेच आलं, 20 मिनिटांच्या टेस्टमधे पायांची सरासरी ताकद सकाळी 218 वॅट, संध्याकाळी 229. तिथे कुठला वारा, समोर एक टेबलफॅन. ब्रिटिश सायकलपटू ब्रॅडली विगिन्सने 2015 मधे लंडनला एका तासात सगळ्यात जास्त अंतर कापायचं रेकॉर्ड केलं, 54.526 किमी, ते संध्याकाळी साडेसहाला सुरू केलेलं. उगाच नाही.

स्पोकतुटका: विगिन्सचं सांगू नकोस, ती वेळ प्रेक्षक आणि टीव्ही बघून ठरते. व्हेलोड्रोममधे, म्हणजे सायकल रेसच्या बंदिस्त ट्रॅकवर, हीटिंग मुद्दाम वाढवतात कारण गरम हवा विरळ असते, अडवते कमी, 15 डिग्रीची हवा 30 डिग्रीच्या हवेपेक्षा साधारण 5 टक्के जड. तरी त्या दिवशी हवेचा दाब जास्त होता म्हणून त्याचं नुकसानच झालं. आता तुझ्या टेस्टकडे येऊ. सकाळची आधी दिलीस की संध्याकाळची?

घाटवेडा: सकाळची. जानेवारीत. संध्याकाळची मागच्या आठवड्यात.

स्पोकतुटका: 😂 मग मधले दोन महिने काय झोपला होतास? फिटनेस वाढला तो घड्याळाच्या नावावर टाकतोयस. शिवाय सकाळी रिकाम्या पोटी चढलास, संध्याकाळपर्यंत दोन वेळचं जेवण आणि तीन चहा झालेले असतात. रात्रभराच्या उपासाने लिव्हरमधला साखरेचा साठा उतरतो, एक केळं खाऊन बस म्हणजे कळेल.

डबेवाली सायकल: मी थोडं वेगळं सांगते. मला 5 ते 6:30 एवढाच वेळ मिळतो, त्यानंतर पोरांचे डबे, त्यामुळे हा प्रश्न मला ऑप्शनलाच नाही. सुरुवातीला माझे पण पाय दगड असायचे. तीन वर्षं त्याच वेळेला चालवल्यावर आता संध्याकाळी कधी गेले तर फारसा फरक जाणवत नाही, शरीर वेळ शिकतं. दादा, तुम्ही आठवड्यातून एकच दिवस पहाटे उठता, बाकी सहा दिवस आठपर्यंत झोपता, मग शनिवारी पहाटे शरीराने का ऐकावं? आणि तुम्हाला 200 किमीची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) करायची आहे ना, साडेतेरा तास असतात त्याला, तिची सुरुवात पहाटेच होते. मग सराव पण त्याच वेळेला नको का?

विदर्भाचा: पुण्याच्या लोकांचे लाड आहेत भाऊ हे. मे महिन्यात नागपुरात संध्याकाळी सहाला डांबर तव्यासारखं असते, पाच किलोमीटरला बाटली संपते अन् तेवढ्याच स्पीडला हार्टरेट वरवर चढत जाते. कायचे 229 वॅट! आम्ही साडेचारला निघतो अन् आठच्या आत घरी.

घाटवेडा: बरं, टेस्टचा क्रम चुकला हे मान्य. उन्हाळा पण मान्य. पण ते लाकडाचे पाय मी मनाने नाही केलेले हो! ताई म्हणतात ते पटतंय, पण पहाटे पाचला रोज उठणं आपल्याच्याने होणार नाही. येत्या शनिवारी असं करतो, केळं खाऊन, घरीच ट्रेनरवर 20 मिनिटं पाय गरम करून मग येतो.

पेडलकाका: पहाटे साडेचारला ट्रेनर? खालच्या मजल्यावर कोण राहतं?

घाटवेडा: सासरे.

पेडलकाका: मग संध्याकाळीच जा बाबा तू.