म्हातारपणी मेंदूत नवीन पेशी तयार होतात हे लोकांना ठामपणे सांगणं बरोबर आहे का?

पाणपोई:
आई ७४ वर्षांची, गेलं दीड वर्ष विसरणं वाढलंय. लग्नातले उखाणे सगळे तोंडपाठ आहेत पण रोज सकाळी नऊच्या सुमाराला एकच प्रश्न, "बीपीची गोळी घेतली का गं मी?" गोळी घेतल्याचं तिला आठवत असतं, पण ते आजचं की कालचं हेच तिला सुटं करता येत नाही. त्यावरून मी डेंटेट जायरसबद्दल वाचायला लागले. हिप्पोकॅम्पस म्हणजे मेंदूतला आठवणींचा भाग, त्यातला हा चिंचोळा पट्टा, एकसारख्या दिसणाऱ्या आठवणी एकमेकींत मिसळू न देणं हे त्याचं मुख्य काम मानतात, आणि उंदरांमध्ये तिथे मोठेपणीही नवीन न्यूरॉन, म्हणजे मेंदूच्या चेतापेशी, जन्मत राहतात. इथवर ठीक. पण परवा एका आरोग्य शिबिरात एका बाईंनी माईकवरून सांगितलं की तुमच्या मेंदूत रोज ७०० नवीन पेशी होतात, आमचं चूर्ण घेतलंत तर दुप्पट होतील, आणि आईने तिथल्या तिथे अठराशे रुपये काढून दिले. माझं मत स्पष्ट आहे, माणसात हे सिद्ध झालेलं नाही. २०१८ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात सोरेल्स आणि आल्वारेझ-बुइया यांच्या गटाचा पेपर आला, त्यात तान्ह्या बाळांत भरपूर नवीन पेशी, १३ वर्षांच्या मुलात तुरळक, आणि मोठ्या माणसांत एकही सापडली नाही. मग हे छातीठोक सांगणं थांबायला नको का?

स्लाइडवाला:
ताई, चूर्णवाल्या बाईंवर तुमचा राग रास्त आहे पण त्यापायी सगळं संशोधनच मोडीत काढू नका. मी १९ वर्षं हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये, म्हणजे शरीरातले तुकडे रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात तिथे, टेक्निशियन आहे. टिश्यू तो टिकवणाऱ्या फॉर्मलिनमध्ये उशिरा पडला किंवा आठवडे न् आठवडे तसाच पडून राहिला तर काय होतं ते हाताखालून गेलंय, पेशीची खूण शोधून रंग आणणारी अँटिबॉडी धरतच नाही, स्लाइड नुसती फिकट निळी दिसते, जिथे तपकिरी रंग यायला हवा तिथे काही नाही. म्हणजे पेशी नव्हती असं नाही, तिची खूण गेली. २०१९ मध्ये माद्रिदच्या मारिया योरेन्स-मार्तिन यांच्या गटाने नेमकं हेच दाखवलं. ४३ ते ८७ वयाच्या १३ निरोगी माणसांचे मेंदू, फॉर्मलिनचा वेळ काटेकोर पाळलेला, आणि डबलकॉर्टिनची (कोवळ्या न्यूरॉनमध्ये असणाऱ्या प्रथिनाची) खूण असलेल्या पेशी हजारोंनी दिसल्या. अल्झायमर झालेल्यांत त्या कमी होत गेलेल्या.
आणि ते ७०० त्या बाईंनी मनाने काढलेले नाहीत. २०१३ मध्ये स्टॉकहोमच्या गटाने अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या कार्बन-१४ वरून पेशींच्या डीएनएचं वय काढलं, त्यातून प्रत्येक बाजूच्या हिप्पोकॅम्पसमध्ये दिवसाला साधारण ७०० असा अंदाज आला. चूर्णाचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.
आपल्याकडच्यांनी हेही लक्षात ठेवावं की १९६५ मध्ये उंदरांत हे पहिल्यांदा दाखवणाऱ्या पेपरवर जोसेफ ऑल्टमन यांच्याबरोबर गोपाल दास यांचं नाव आहे. त्यावर पुढे कित्येक वर्षं कुणी फारसा विश्वास ठेवला नाही. "दिसलं नाही म्हणजे नाहीच" हा घोळ तेव्हाही झाला होता.

डोंगरवाट:
स्लाइडवाले दादा, फॉर्मलिनचं पटलं, पण तुम्ही उलट्या बाजूने तीच चूक करताय. डबलकॉर्टिन दिसलं म्हणजे पेशी नुकतीच जन्मली हे कशावरून? ती जुनीच, हळूहळू पिकणारी पेशीही असू शकते. उंदराला बीआरडीयू या रसायनाचं इंजेक्शन देऊन नव्याने बनलेला डीएनए खुणावता येतो, माणसाला ते असं सहज देता येत नाही. १९९८ मध्ये एरिकसन आणि गेज यांना जमलं कारण कॅन्सरच्या पाच पेशंटना ते उपचारांच्या देखरेखीसाठी आधीच दिलेलं होतं. पाच जणांवरून तुम्ही सगळ्या म्हाताऱ्या माणसांबद्दल बोलणार?
दुसरं म्हणजे जास्त पेशी म्हणजे जास्त स्मरणशक्ती हे कुणी ठरवलं? टोरांटोच्या फ्रँकलँड आणि जोसेलिन यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवलं की मोठ्या उंदरांनी काहीतरी शिकल्यावर त्यांच्यात नवीन पेशी वाढवल्या तर ते शिकलेलंच विसरतात, कारण नवीन पेशी घुसल्या की जुनी जोडणी हलते. आपल्याला दोन-तीन वर्षांच्या वयातलं काही आठवत नाही त्यामागेही हे एक कारण असावं असं ते मांडतात. म्हणजे चूर्णाने खरंच पेशी दुप्पट झाल्या असत्या तर काकूंचे उखाणेही गेले असते कदाचित. हे मी काळजीनेच म्हणतोय, पेशी वाढवणं ही चांगलीच गोष्ट असं धरून चालणं धोक्याचं आहे.

स्लाइडवाला:
विसरण्याचा मुद्दा मान्य, पण त्याच पेशींमुळे उंदरांना जवळजवळच्या दोन जागा वेगळ्या ओळखता येतात हेही दाखवलेलं आहे, ते का सोडता? आणि निव्वळ खुणेवर अडून बसायची गरज राहिलेली नाही. २०२५ च्या जुलैमध्ये 'सायन्स' नियतकालिकात स्टॉकहोमच्याच फ्रिसेन यांच्या गटाने एकेका पेशीच्या केंद्रकातला आरएनए, म्हणजे कुठली जनुकं चालू आहेत ते, वाचून ज्यांच्यापासून न्यूरॉन बनतात त्या पेशी मोठ्या माणसांतही विभागत असल्याचं दाखवलं, नमुने ७८ वर्षांपर्यंतच्या लोकांचे. एक गोष्ट खरी, काहींत त्या बऱ्याच होत्या, काहींत जवळपास नव्हत्याच.

पाणपोई:
हे शेवटचं मला माहीत नव्हतं. ठीक, "होत नाहीत" हे माझं म्हणणं मागे घेते. पण माणसामाणसांत एवढा फरक असेल तर माईकवरून सगळ्यांना सरसकट "तुमच्या मेंदूत रोज ७००" सांगणं आणखीच चूक, त्यावर मी ठाम आहे. चालण्याचंही लोक असंच वाढवून सांगतात. २०११ च्या अभ्यासात १२० वयस्कर लोक होते, त्यातले चालणारे आठवड्यातून तीनदा ४० मिनिटं असं वर्षभर चालले, त्यांचा हिप्पोकॅम्पस साधारण २ टक्के वाढला. पण आकार वाढला म्हणजे न्यूरॉनच वाढले असं त्यातून निघत नाही, रक्तवाहिन्याही असतील. आईला मी रोज चालायला नेते, पण पेशी होतील असं सांगून नाही.
गोळ्यांसाठी सात खणांची डबी आणलीय. आई मंगळवारचा खण उघडून रिकामा बघते, बोट फिरवते आतून, मग गप्प बसते.

दुपारपाळी:
मी वॉर्डात नर्स आहे, वरचं सगळं वाचलं. ताई, आईंचं बी१२ आणि थायरॉइड तपासलंय का? शाकाहारी आहेत का त्या? बी१२ कमी असलं तरी असंच विसरायला होतं आणि ते भरून काढता येतं.

पाणपोई:
थायरॉइड झालंय, नॉर्मल आहे. बी१२ कुणी लिहूनच दिलं नाही आणि मलाही सुचलं नाही. हो, शाकाहारी आहे, दूधही सोडलंय तिने दोन वर्षं. उद्या सकाळीच नेते.