बर्ट बॅकरॅक यांच्या चाली खरोखरच ‘लिफ्टमधले संगीत’ आहेत का?

मंद्रसप्तक (प्रश्न):
पाश्चात्त्य संगीत ऐकणाऱ्या आमच्या छोट्या गटात नुकताच अमेरिकी संगीतकार बर्ट बॅकरॅक यांच्यावरून वाद झाला. एका सदस्याचे म्हणणे असे की, साठच्या दशकात बीटल्स आणि बॉब डिलन गाण्याचे रूपच पालटत असताना हे गृहस्थ हॉटेलच्या लॉबीत किंवा लिफ्टमध्ये शोभेल असे गुळगुळीत संगीत रचत होते, आणि २०२३ मध्ये त्यांच्या निधनानंतर जे गौरवलेख आले ते निव्वळ स्मरणरंजन होते. मला हे पटले नाही; पण ‘मला आवडते’ यापलीकडे मुद्देसूद उत्तरही देता आले नाही. चालीच्या बांधणीच्या अंगाने कोणी काही सांगू शकेल का? पुरस्कारांची यादी कृपया देऊ नये. ती माझ्याकडे आहे आणि तिने वाद मिटत नाही.

तिय्या:
मी तबला शिकलो असल्यामुळे मात्रांच्या हिशेबाने उत्तर देतो. डियॉन वॉरविक यांनी गायलेले १९६७ चे ‘आय से अ लिटल प्रेअर’ लावा आणि ध्रुवपद सुरू झाले की टाळी देत मोजा. चार, मग तीन, मग पुन्हा चार, अशा अकरा मात्रा भरतील. आपल्याकडे अकरा मात्रांचा रुद्र ताल वाजवायचा तर कलाकार आधी सांगतो आणि जाणकार सावरून बसतात. इथे तोच हिशेब अमेरिकेच्या रेडिओवर लोकांनी नकळत गुणगुणला. हे गाणे सकाळी आवरताना, बस पकडायला धावताना आपल्या माणसासाठी मनातल्या मनात प्रार्थना करणाऱ्या स्त्रीचे आहे, आणि गीतकार हॅल डेव्हिड यांच्या मनात व्हिएतनामच्या युद्धावर गेलेल्या सैनिकाची प्रेयसी होती. ध्रुवपदात मध्येच एक मात्रा गळते, त्यामुळे पुढचे शब्द अपेक्षेपेक्षा किंचित आधी येतात आणि त्या बाईची लगबग ठेक्यातच उतरते. याला गुळगुळीत म्हणायचे असेल तर म्हणावे बापडे.

१९६३ च्या ‘एनीवन हू हॅड अ हार्ट’मध्ये तर चार, पाच आणि एके ठिकाणी सात अर्ध्या मात्रांचे खंड येतात. आपण हे ठरवून केले नव्हते, कागदावर उतरवताना लक्षात आले, असे बॅकरॅक सांगत असत. शब्दाला जितकी जागा हवी तितकीच द्यायची आणि ठरावीक खंड भरण्यासाठी भरतीचे सूर घालायचे नाहीत, ही त्यांची रीत होती.

एक गोष्ट सांगायलाच हवी. तरुणपणी ते फ्रेंच संगीतकार दारियस मियो यांच्याकडे शिकत होते. बरोबरीचे विद्यार्थी बारा सुरांच्या पद्धतीतल्या (सप्तकातले बाराही सूर समान मानणाऱ्या) बोजड रचना करत असताना यांनी व्हायोलिन, ओबो आणि पियानोसाठी जी रचना केली, तिच्या संथ भागात एक सरळ, गोड चाल होती आणि तिची त्यांना लाज वाटत होती. लोकांच्या लक्षात राहील अशी चाल सुचल्याची कधीही लाज वाटू देऊ नकोस, अशा अर्थाचे मियो त्यांना बोलले. तेव्हा अवघड संगीत येत नाही म्हणून ते सोपे लिहीत होते, हा समज मुळातच चुकीचा आहे.

जुनी तबकडी:
वरील प्रतिसादाशी सहमत आहे. शिवाय संगीत संयोजन आणि ध्वनिमुद्रणही ते स्वतः जातीने पाहत. ‘अल्फी’ या गाण्याच्या वेळी लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत पियानोवर बसून वाद्यवृंद सांभाळताना त्यांनी गायिका सिला ब्लॅक यांच्याकडून इतक्या वेळा गाऊन घेतले की त्या रडकुंडीला आल्या असतील! लॉबीत वाजते ती बहुधा इतरांनी केलेली वाद्य-आवृत्ती असते. तिचा दोष मूळ रचनाकाराच्या माथी मारणे योग्य नाही.

सडेतोड:
कौतुक जरूर करा, पण देव्हाऱ्यात बसवू नका. निम्मे श्रेय हॅल डेव्हिड यांचे आहे आणि त्या वेड्यावाकड्या चाली सहज वाटल्या त्या वॉरविक यांच्या गळ्यामुळे; हे या धाग्यात कोणी ठासून म्हटलेले नाही. १९७३ चा ‘लॉस्ट होरायझन’ हा संगीतपट सपशेल आपटला, त्यानंतर बॅकरॅक आणि डेव्हिड यांची भागीदारी तुटली, प्रकरण कोर्टात गेले आणि गाणी मिळणे थांबल्यामुळे वॉरविक यांनीही दावा लावला. ऐंशीच्या दशकातली बॅकरॅक यांची काही गाणी मला आजही सपक वाटतात. तुमच्या मित्राने बहुधा तीच ऐकली असावीत.

तिय्या:
सडेतोड, वॉरविक यांच्याबद्दल तुमचे म्हणणे पूर्ण मान्य आहे; त्या गळ्याशिवाय या चाली कागदावरच राहिल्या असत्या. मात्र सपक गाण्यांवरून सगळी कारकीर्द जोखू नये. लंडनच्या न्यू वेव्ह (पंकपाठोपाठ आलेला रॉकचा प्रवाह) पिढीतून आलेले गायक एल्व्हिस कॉस्टेलो यांनी १९९८ मध्ये सत्तरीच्या बॅकरॅक यांच्याबरोबर अख्खा अल्बम केला; त्यांना स्मरणरंजनाची गरज नव्हती.

मंद्रसप्तक, तुमच्या गटात वाद न घालता ‘वॉक ऑन बाय’ तीन वेळा लावा. आधी वॉरविक यांचे १९६४ चे, जिथे ओळखीच्या माणसाने आपले अश्रू पाहू नयेत म्हणून विनवणारी स्त्री आवाज जराही चढवत नाही. मग सोल गायक आयझॅक हेज यांचे १९६९ चे, बारा मिनिटांचे. शेवटी स्ट्रँग्लर्स या पंक (आक्रमक रॉक) मंडळींचे १९७८ चे. त्यानंतर मित्राला विचारा, लिफ्टमधले कोणते संगीत इतके हाल सोसून उभे राहते?

मंद्रसप्तक:
आभारी आहे. शनिवारी लावतो, हेज यांचे मात्र पूर्ण बारा मिनिटे ऐकवीन, मध्येच कोणी बंद केले तरी पुन्हा पहिल्यापासून.