आयटॉप सीएमडीबी: दोन वेब सर्व्हर, एक डेटाबेस, रिडंडन्सी कशी लावायची?

मंडळी, आयटॉपच्या (आयटी विभागाचं व्यवस्थापन सॉफ्टवेअर) सीएमडीबीत, म्हणजे आयटी घटकांच्या नोंदवहीत, पगाराच्या अ‍ॅप्लिकेशन सोल्यूशनला (अनेक घटकांवर चालणारी प्रणाली) तीन सीआय (नोंदवलेले घटक) जोडलेत: लोड बॅलन्सरमागचे (काम वाटून देणाऱ्या यंत्रणेमागचे) दोन वेब सर्व्हर आणि एक डेटाबेस. रिडंडन्सी (काही घटक पडले तरी सोल्यूशन चालू धरायचा नियम) बंद असली की एकच वेब सर्व्हर पॅचिंगला काढला तरी तिकिटावर बाधितांच्या यादीत पगार येतो (आणि महिनाअखेरीला फोन सुरू!). 'किमान एक सीआय चालू' केलं तर डेटाबेस पडूनही पगार ठणठणीत. 'किमान दोन' करूनही तेच; टक्केवारीही तिघांना एकाच मापाने मोजते. डेटा मॉडेल बदलायची परवानगी नाही. आयटॉपमधला 'फार्म' हा गट हायपरवायझरसाठी (आभासी सर्व्हर चालवणाऱ्या यंत्रणांसाठी) असतो, तो इथे कामाचा नाही.

आता दोन्ही वेब सर्व्हरचं वेगळं सोल्यूशन करून ते पगाराच्या सोल्यूशनला जोडावं म्हणतोय. असं प्रत्यक्षात कोणी चालवलंय का? तिकिटावरचा परिणाम दोन पायऱ्या नीट वर चढतो का?