गाझी राजपूतने बुडवली की स्वतःच्याच सुरुंगांनी?

दर्यावेडा:
दर ४ डिसेंबरला नौदल दिनी तेच वाचतो, १९७१च्या युद्धात आपल्या राजपूत विनाशिकेने पाकिस्तानची गाझी पाणबुडी बुडवली म्हणून. मला वाटतं ह्यात खरं श्रेय मागे पडतं. पूर्व नौदल विभागाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल कृष्णन यांनी गाझीचं लक्ष्य असलेली विमानवाहू विक्रांत अंदमानात लपवली आणि इकडे विशाखापट्टणमला राजपूत विक्रांत असल्यासारखी वायरलेसवर बोलत राहिली, बाजारातून भरमसाट भाजी-मटणाची ऑर्डर काय, एका खलाशाच्या नावाने आईच्या तब्येतीची चौकशी करणारी साधी तार काय, अफाट डोकं! गाझी रिकाम्या जाळ्यात आली ती यामुळे. स्फोट कशाने झाला हा नंतरचा प्रश्न.

बंदरकर:
नंतरचा कसा? राजपूतचे कप्तान लेफ्टनंट कमांडर इंदर सिंग यांनी बंदराबाहेर पडताना पाण्यात खळबळ बघून दोन डेप्थ चार्ज (पाण्याखाली फुटणारे पाणबुडीविरोधी बॉम्ब) टाकले आणि त्याच सुमारास किनाऱ्यावर मोठा स्फोट ऐकू आला. एवढं असूनही आपणच आपल्या माणसांवर शंका घ्यायची म्हणजे पाकिस्तानचं काम सोपं करणं.

सुकाणू:
शंका घेणं म्हणजे देशद्रोह नाही हो. गाझीकडे सुरुंग पेरायचं कामही होतं, आणि बॅटरी चार्ज करताना हायड्रोजन सुटतो, तो साचला तर ठिणगी पुरते. पाकिस्तान अपघातच म्हणतो, पण तो सांगतोय म्हणून ते आपोआप खोटं होत नाही ना.

बंदरकर:
मग १९६५ला आपली ब्रह्मपुत्रा युद्धनौका बुडवल्याचा पाकिस्तानचा दावाही मानायचा का? ती तर धडधाकट होती. ह्याच गाझीच्या नावावर खपवला होता तो दावा.

सुकाणू:
त्यांचा एक दावा खोटा निघाला म्हणून आपला प्रत्येक दावा खरा होत नाही, पुरावा दोघांनाही लागतो.

दर्यावेडा:
दोघांना एवढंच म्हणेन, बोटीची बाजू बघा. गाझी म्हणजे मूळची १९४४मध्ये अमेरिकेत पाण्यात उतरलेली डायब्लो, जपानविरुद्ध गस्तीला निघाली तर युद्धच संपलं, १९६४ला भाड्याने पाकिस्तानला मिळाली. १९७१ला बंगालच्या उपसागरापर्यंत जाऊन येण्याइतका पल्ला त्यांच्याकडे फक्त हिचाच, डॅफ्ने जातीच्या नव्या पाणबुड्यांचा नाही, म्हणून एवढी जुनी पाणबुडी एकटी पाठवली. कमांडर झफर खान आणि सगळे खलाशी, नव्वदहून जास्त माणसं गेली. त्यांना तिथे ओढून आणलं कृष्णन यांच्या डावाने, हे तर बंदरकर, तुम्हालाही मान्य असेल.

बंदरकर:
डाव मान्य. राजपूतचं श्रेय मात्र मी सोडणार नाही.