सूर्योदयाचा एचडीआर: डोंगराच्या कडेला उजळ पट्टी का येते?

रानवाट:
सूर्योदयाचा एचडीआर (कमी-जास्त उजेडाच्या फ्रेम जोडून केलेला एकच फोटो) करतोय. समोर डोंगररांग, खाली अंधारी दरी, वर लख्ख आकाश. सेटिंग असं: ट्रायपॉड, ॲपर्चर प्रायॉरिटी (लेन्सचं छिद्र मी ठरवतो, शटरचा वेग कॅमेरा), एफ/११, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, ऑटो ब्रॅकेटिंगच्या, म्हणजे कमी-जास्त एक्सपोजरच्या, तीन फ्रेम (-१, ०, +१), रॉ (सेन्सरचा कच्चा डेटा). मर्ज केल्यावर (फ्रेम जोडल्यावर) कड्यालगतच्या आकाशात उजळ पट्टी येते, दरी उजळली की नॉईज (दाणेदारपणा) दिसतो, आणि जवळच्या झाडाची पानं दुहेरी होतात. फ्रेम वाढवू की सॉफ्टवेअर बदलू?

तिपाई:
आधी ब्रॅकेट बदला. -१ ते +१ म्हणजे दोन टोकांत जेमतेम २ स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). तेवढं तर हल्लीच्या कॅमेऱ्याची एकच रॉ फाइल पेलते, मर्जचा खटाटोप कशाला?

मॅन्युअल मोडवर या. एफ/११ आणि आयएसओ १०० कायम, बदलायचा तो फक्त शटर. ॲपर्चर हलवलं तर डेप्थ ऑफ फील्ड (जवळून दूरपर्यंत किती भाग स्पष्ट दिसतो ते) फ्रेमगणिक बदलते. फोकस झाला की ऑटोफोकस बंद. पहिली फ्रेम आकाशासाठी: हिस्टोग्राम (डावीकडे काळोख, उजवीकडे उजेड दाखवणारा आलेख) उजव्या भिंतीला टेकता कामा नये. समजा ती १/२५० ला मिळाली. मग २-२ स्टॉपनं १/६०, १/१५, १/४ असं खाली या. दरीचा ढीग डाव्या भिंतीपासून सुटला की थांबा. तुमचा नॉईज इथेच जन्मतो: सर्वांत उजळ फ्रेमच काळोखी आहे, त्यामुळे सॉफ्टवेअरला सावल्यांसाठी स्वच्छ डेटा मिळतच नाही.

कॅमेऱ्यातला हिस्टोग्राम जेपेगवरून बनतो, रॉवरून नाही. पिक्चर प्रोफाइल न्यूट्रल ठेवलंत तर तो कमी फसवतो.

धुकंधुकं:
पट्टीचं कारण टोन मॅपिंगमध्ये, म्हणजे उजेडाचा मोठा पल्ला स्क्रीनवर मावेल असा दाबण्यात आहे. आकाश किती दाबायचं हे प्रत्येक पिक्सेलच्या आजूबाजूच्या सरासरी उजेडावरून ठरतं. कड्याला चिकटलेल्या आकाशाच्या सरासरीत काळा डोंगरही मिसळतो, म्हणून तिथलं आकाश कमी दाबलं जातं आणि उजळ उरतं. सॉफ्टवेअरमध्ये हायलाइट (उजळ भाग) -१००, शॅडो (सावल्या) +१००, वर क्लॅरिटी (स्थानिक उठाव), असं केलंत तर पट्टी येणारच. शॅडो +४० च्या आसपास थांबवा, क्लॅरिटी आकाशावरून मास्क करून काढा. दरी आकाशाइतकी उजळ दिसली की चित्र खोटं वाटतं. आकाशाला थोडं वरचढ राहू द्या.

दुसरा मार्ग एक्सपोजर फ्यूजन. २००७ मध्ये मर्टेन्स, काउट्झ आणि व्हान रीथ यांनी मांडलेली ही पद्धत एचडीआर फाइल न बनवता प्रत्येक फ्रेममधला नीट एक्सपोज झालेला भाग घेऊन थेट जोडते. एनफ्यूज हे मोफत सॉफ्टवेअर त्यावरच चालतं. पट्टी बरीच सौम्य होते, पण पुढे खेचायला उजेडाचा सगळा पल्ला साठवणारी ३२ बिटची एचडीआर फाइल हाती राहत नाही. लँडस्केपला मला हीच पद्धत बरी वाटते.

तिपाई:
राहिली पानं. १/४ सेकंदात वाऱ्यानं पान हलणारच. डीघोस्ट (हललेल्या वस्तूंची दुहेरी प्रतिमा काढणारी सोय) चालू केलंत तर त्या जागी एकाच फ्रेमचा डेटा घेतला जातो. ती फ्रेम काळोखी निघाली तर पानांत नॉईज. म्हणून झाडासाठी आयएसओ ८०० वर १/३० ची एक वेगळी फ्रेम काढा आणि लेयर मास्कनं (वरच्या थराचा हवा तेवढाच भाग दाखवून) तेवढंच झाड वर बसवा. बाकी फ्रेम सलग बर्स्टमध्ये, २ सेकंदांच्या टायमरवर. लाँग एक्सपोजर नॉईज रिडक्शन बंद असू द्या, नाहीतर लांब फ्रेमनंतर कॅमेरा तेवढाच वेळ डार्क फ्रेम (शटर बंद ठेवून काढलेली काळी फ्रेम) घेत बसतो आणि ढग पुढे सरकतात.

रानवाट:
१/२५० पासूनची मांडणी करून बघतो. सूर्य फ्रेममध्ये असेल तर? त्याच्यासाठी १/२५० पेक्षाही जलद शटर लावायचं का?

धुकंधुकं:
बिंब जळू द्या. ते वाचवायला गेलात तर मर्जमध्ये त्याची राखाडी चकती होते. भोवतालच्या ढगांचा रंग टिकला की पुरे. मात्र लेन्स आधी पुसा. एफ/११ ला समोरून सूर्य आला की काचेवरची धूळ ठिपक्यांसारखी चमकते, आणि शॅडो उचलल्यावर ते ठिपके आणखी ठळक होतात.