एक्सचेंजवर येऊन बारा दिवस झाले, वर्गात तोंड उघडत नाहीये

प्रेषक: एका सत्रासाठी आलेली विद्यार्थिनी
रविवार, रात्री

नमस्कार मंडळी,

मागच्याच आठवड्यात मला मराठी मंडळाच्या या ईमेल यादीत सामील करून घेतलंत, त्याबद्दल आभार. पहिल्याच मेलमध्ये इतकं लिहावं का, याचा दोन दिवस विचार करत होते. पण हे मराठीतच लिहिता येईल असं वाटलं, म्हणून लिहिते.

मी एका सत्रासाठी परदेशातल्या विद्यापीठात एक्सचेंजवर आलेय. खोली मिळाली, ओळखपत्र मिळालं, नोंदणी झाली. अडचण वर्गात आहे. व्याख्यान मला नीट समजतं. पण सेमिनार सुरू झाला की दहा-बारा जण एकमेकांचं वाक्य तोडत बोलतात, कुणीतरी अर्धंच वाक्य टाकतं आणि बाकीच्यांना तेवढं पुरतं. मी मनात वाक्य जुळवते, व्याकरण तपासते, आणि हात वर करेपर्यंत विषय कुठल्या कुठे गेलेला असतो. तीन सेमिनार झाले, मी एक शब्द बोललेले नाही. तिकडे माझ्या विभागात मी बोलणारी मुलगी होते. इथे सरांची नजर माझ्याकडे वळली की मी वहीत बघते.

दुसरं. लर्निंग अ‍ॅग्रीमेंटमधल्या, म्हणजे इथे कोणते विषय घ्यायचे याच्या लेखी करारातल्या, चार विषयांपैकी दोन एकाच वेळेला येतायत. मूळ विद्यापीठातल्या को-ऑर्डिनेटरना मेल करून सहा दिवस झाले, उत्तर नाही. इथल्या ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, "चालेल, एकाऐवजी दुसरा घे." नुसतं तेवढ्यावर घ्यावा का?

तिसरं लिहायला जड जातंय. ओरिएंटेशनच्या आठवड्यात मी सगळ्या कार्यक्रमांना गेले, नावं सांगितली, नावं ऐकली. आता तीच मुलं जिन्यात भेटली की मान हलवून पुढे जातात. रोज संध्याकाळी घरी व्हिडिओ कॉल करते, आणि कॉल संपला की खोली आधीपेक्षा जास्त रिकामी वाटते. यायचा हट्ट माझाच होता, त्यामुळे घरी यातलं काहीच सांगितलेलं नाही.

हे सगळ्यांचंच होतं, की माझी निवड चुकली?


प्रेषक: कार्यकारिणीतले एक काका
रविवार, रात्री

अगं, निवड वगैरे काही चुकलेली नाही. त्याबद्दल इथल्या जाणत्या ताई लिहितीलच. मी फक्त विषयाचं लिहितो, कारण त्याला मुदत असते.

तोंडी होकारावर जाऊ नकोस. लर्निंग अ‍ॅग्रीमेंटवर तीन पक्ष असतात: तू, तुझं मूळ विद्यापीठ आणि यजमान विद्यापीठ. बदलही तिघांच्या संमतीनं, लेखी व्हायला हवा. बाई सांगतायत ते त्यांच्यापुरतं बरोबरच असेल, पण परत गेल्यावर तुझे क्रेडिट धरायचे की नाही हे त्या ठरवणार नाहीत. विषय बदलायची तारीख शैक्षणिक कॅलेंडरवर आत्ताच बघ. बऱ्याच ठिकाणी ती पहिल्या काही आठवड्यांतच निघून जाते.

दोन्हीकडच्या को-ऑर्डिनेटरना एकच मेल पाठव. सोडायचा विषय, घ्यायचा विषय, कारण आणि शेवटची तारीख, सगळं पहिल्या चार ओळींत. समोरच्याला "हो" किंवा "नाही" एवढंच लिहावं लागेल असा मेल असला की उत्तर लवकर येतं. परवापर्यंत आलं नाही तर सरळ विभागात फोन लाव. त्यात उद्धटपणा काही नाही.

क्रेडिट हा शब्द सगळीकडे एक असला तरी वजन वेगळं असतं, हेही ध्यानात ठेव. युरोपातल्या ईसीटीएस पद्धतीत पूर्ण वर्षाचे ६० क्रेडिट, आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम धरतात. म्हणजे सत्राचे ३० क्रेडिट हे कमीत कमी ७५० तास झाले, वर्गाबाहेरचं वाचन-लेखन धरून. अमेरिकेत पूर्णवेळ विद्यार्थी सत्राला साधारण १५ क्रेडिट घेतो. तेव्हा "सहाच्या जागी सहा" असा हिशेब दोन पद्धतींमध्ये लागत नाही. तुझ्या मूळ विद्यापीठाकडून लेखी घे की या विषयाचे तिकडे किती धरणार.

आणि नव्या विषयाचा पूर्ण अभ्यासक्रम, म्हणजे तास, वाचनाची यादी, गुणांची विभागणी, आजच पीडीएफ करून ठेव. पुढच्या वर्षी ते पान बदललेलं असतं. माझ्या मुलीचा एक विषय याच एका कागदासाठी सात महिने अडकला होता.


प्रेषक: विद्यापीठात काम करणारी एक ताई
सोमवार, सकाळी

अगं, मीही अशीच एका सत्रासाठी आले होते. पुढचं शिक्षण इकडेच झालं, आणि आता बाहेरून येणाऱ्या विद्यार्थ्यांना पहिल्या सत्रात मदत करणं हेच माझं काम आहे. तुझा मेल रात्री वाचला आणि नीट झोप लागली नाही.

आधी वर्गाचं. व्याख्यान कळतं पण चर्चा निसटते, यात तुझ्या भाषेचा दोष शोधू नकोस. व्याख्यानात एक माणूस पूर्ण वाक्यांत, एका दिशेनं बोलतो. चर्चेत आवाज चार बाजूंनी येतात आणि संदर्भ गेल्या वर्षीच्या वर्गातले असतात. गोंगाटात दुसऱ्या भाषेतलं बोलणं पकडणं हे ती भाषा सफाईनं बोलणाऱ्यांनाही मातृभाषेपेक्षा कठीण जातं, हे प्रयोगांमधून पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. संध्याकाळी तुझं डोकं जड होत असेल, ते त्यामुळेच.

माझे पहिले सहा आठवडे गप्प गेले. मला वाटायचं, आधी भाषा पक्की होऊ दे, मग बोलेन. सत्र पंधरा-सोळा आठवड्यांचं असतं. सहा गेले तेव्हा एक तृतीयांशाहून जास्त संपलेलं होतं. वर्गातल्या सहभागाला गुण होते आणि माझ्या नावापुढे शून्य होतं, म्हणून मी घाबरत प्राध्यापिकेला भेटायला गेले. त्या म्हणाल्या, "मला वाटलं तुम्हाला या विषयात रस नाही." मला रडू आलं. मी तर प्रत्येक आठवड्याचं वाचन दोनदा करून जात होते. मी गप्प बसत होते ते लक्ष देऊन ऐकत होते म्हणून, आणि त्यांनी ते कंटाळा म्हणून वाचलं. त्यांचाही दोष नाही, त्यांना दुसरं काही कळायला मार्गच मी ठेवला नव्हता.

म्हणून सांगते, याच आठवड्यात ऑफिस अवर्सना जा. त्या वेळेत शिक्षक विद्यार्थ्यांसाठीच बसलेले असतात. आपण त्यांचा वेळ खातोय असं मनात आणू नकोस. तीन वाक्यं बोल: मी एक्सचेंजवर आहे, चर्चेचा वेग अजून पकडता येत नाही, पण मी वाचून येते, तर पुढच्या वेळी सुरुवातीलाच मला विचाराल का? इतक्या वर्षांत याला नाही म्हणणारे शिक्षक मी फार कमी पाहिले.

"सुरुवातीलाच" हा शब्द महत्त्वाचा. पहिली दहा मिनिटं चर्चा वाचनाला धरून असते, नंतर ती कुठेही जाते. घरून एक प्रश्न लिहून ने, आणि त्यात पान क्रमांक असू दे. "पान चौदावर लेखिका असं म्हणते, मग आधीच्या उदाहरणाशी ते कसं जुळतं?" पानाला बांधलेला प्रश्न शिळा होत नाही. चर्चा पुढे गेली तरी सगळे पान उलटून परत तिथे येतात. आणि एक वाक्य त्या भाषेत तोंडपाठ कर: "मला मघाच्या मुद्द्याकडे परत जायचंय." हात उशिरा वर गेला म्हणून मुद्दा हरवला, असं मग होत नाही.

लेखी कामाचं थोडक्यात. संदर्भ कसे द्यायचे, गटानं केलेलं काम कुठे चालतं, एआयची साधनं वापरायला परवानगी आहे का, हे प्रत्येक विषयाला वेगळं असू शकतं. पहिला निबंध देण्याआधी विचारून घे. नंतर "मला माहीत नव्हतं" हे सहसा ऐकून घेतलं जात नाही.

आता निवडीबद्दल. परक्या ठिकाणी आधी उत्साह, मग घसरण, मग सावरणं, असा इंग्रजी यू अक्षरासारखा आलेख तुला कुणीतरी दाखवेल. तो १९५५ साली स्वेर्रे लिसगार्ड यांच्या अभ्यासातून आला. अमेरिकेत राहून आलेल्या २०० नॉर्वेजियन फुलब्राइट शिष्यवृत्तीधारकांचा तो अभ्यास होता. पण तिथे कमी-जास्त काळ राहिलेल्या वेगवेगळ्या माणसांची तुलना होती, त्याच माणसांचा माग काढलेला नव्हता. १९९८ मध्ये कॉलीन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडमधल्या जपानी विद्यार्थ्यांना पोहोचल्यापासून वर्षभर पुन्हा पुन्हा विचारलं, तेव्हा सगळ्यात जास्त त्रास अगदी सुरुवातीलाच निघाला. माझ्या ऑफिसातही मला हेच दिसतं. तो आलेख डोक्यात ठेवून आलेली मुलं पहिल्या आठवड्यात उत्साह वाटला नाही की स्वतःलाच दोष देतात. बाराव्या दिवशी जड वाटणं यावरून तुझी निवड चुकली असं काही ठरत नाही.

आणि मैत्रीचा हिशेब तर सरळच आहे. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांच्या अभ्यासात नुसत्या ओळखीतून साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तास एकत्र घालवावे लागतात असं दिसलं, खरी मैत्री म्हणण्याजोगं काही व्हायला ९० च्या आसपास, आणि जिवलग व्हायला २०० हून जास्त. ओरिएंटेशनमध्ये तू प्रत्येकाबरोबर किती वेळ घालवलास? वीस मिनिटं? मग ती मुलं मान हलवून पुढे जातात, म्हणजे त्यांनी तुला नाकारलंय असं नाही. दर आठवड्याला त्याच वारी, त्याच माणसांबरोबर घडणारी एक गोष्ट निवड: गायनवृंद, गिर्यारोहण, भाषेची अदलाबदल, काहीही. एकदाच होणाऱ्या दहा कार्यक्रमांत तास साठत नाहीत.

घरचा कॉल आठवड्यातून तीनदा कर, आणि सकाळी कर. संध्याकाळ इथल्या माणसांसाठी मोकळी राहू दे.


प्रेषक: एका विद्यार्थ्याची आई
सोमवार, दुपारी

ताईंचं सगळं पटलं, शेवटचं सोडून. बाळा, रोज फोन करावासा वाटला तर रोज कर. माझा मुलगा बाहेर शिकायला गेला तेव्हा रोज दहा मिनिटं बोलायचा आणि सगळं छान आहे म्हणायचा. तो त्या महिन्यांत काय सोसत होता हे मला दोन वर्षांनी त्याच्या मित्राकडून कळलं. मी त्याला परत ये म्हणाले नसते. नुसतं ऐकलं असतं. तुझ्या घरच्यांना ऐकायची संधी तरी दे. कॉल कितीदा करतेस याच्यापेक्षा त्यात खरं किती बोलतेस, ते बघ.


प्रेषक: पीएचडी करणारा एक सदस्य
सोमवार, रात्री

मी एक जोडतो. मंडळात जरूर ये, पण फक्त मंडळात येऊ नकोस. स्टीफन बॉकनर आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये हवाई विद्यापीठातल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या मैत्रीबद्दल लिहिलं आहे. त्यांना तीन वर्तुळं दिसली. आपल्या देशाची माणसं, जिथे आपल्याला आपल्यासारखं वागता येतं. यजमान देशाची माणसं, ज्यांच्याकडून अभ्यास आणि व्यवहाराची मदत होते. आणि इतर देशांतून आलेले, ज्यांच्याबरोबर वेळ मजेत जातो. तिन्हींचं काम वेगळं असतं, एकाला दुसऱ्याच्या जागी बसवता येत नाही. मी पहिल्या वर्षी फक्त आपल्याच माणसांत राहिलो. आधार भरपूर मिळाला, पण परीक्षेच्या आधी कुणाच्या नोट्स मागाव्यात असं एकही नाव माझ्याकडे नव्हतं.

तिसऱ्या वर्तुळापासून सुरुवात कर. तुझ्याच मजल्यावर तुझ्याइतकंच एकटं कुणीतरी नक्की असेल, आणि दार कुणी आधी वाजवायचं एवढाच प्रश्न असतो.


प्रेषक: एका सत्रासाठी आलेली विद्यार्थिनी
तीन आठवड्यांनी, बुधवार

नमस्कार सगळ्यांना,

उत्तर द्यायला उशीर झाला. काका, तुम्ही सांगितलं तसा मेल पाठवला आणि तिसऱ्या दिवशी फोनही केला. को-ऑर्डिनेटर रजेवर होते, कुणी मेल बघतच नव्हतं. मुदतीच्या आदल्या दिवशी तिन्ही सह्या झाल्या. अभ्यासक्रमाची पीडीएफ दोन ठिकाणी ठेवली आहे.

ताई, ऑफिस अवर्सना गेले. दारात पाच मिनिटं उभी होते. सर म्हणाले, "बरं झालं आलात, मला वाटत होतं मी फार भरभर बोलतोय का." पुढच्या सेमिनारला त्यांनी पहिला प्रश्न मला विचारला. माझं वाक्य मध्ये अडकलं, तेव्हा सगळे थांबले. कुणी तोडलं नाही. मला वाटायचं हे लोक थांबतच नाहीत. पान क्रमांकाचं तर इतकं बरोबर निघालं की समोर बसणाऱ्या मुलीनं वीस मिनिटांनी पुन्हा माझंच पान काढलं. अजूनही तासात एकदा-दोनदाच बोलते. अर्धी चर्चा निसटतेच.

बुधवारी भाषेची अदलाबदल असते, तिथे जाते. आत्तापर्यंत सहा तास झाले, म्हणजे अजून ४४. शेजारच्या खोलीचं दारही वाजवलं. ती दुसऱ्या देशातून आलीय आणि तिचेही दोन विषय एकाच वेळेला येत होते. तिला काकांचा मेल तोंडी भाषांतर करून सांगितला.

काकू, तुमचा मेल वाचला त्याच रात्री घरी खरं सांगितलं. आई थोडा वेळ काही बोलली नाही. बाबांनी विचारलं, "त्या पान चौदावर होतं तरी काय?" ते ताईंचं नुसतं उदाहरण होतं, म्हणून मग त्यांना माझ्या सेमिनारचा अख्खा लेख समजावून सांगितला, पाऊण तास. त्या रात्री कॉल संपल्यावर मी लगेच झोपले.

उद्या आमच्या गटाचं सादरीकरण आहे. बाकीच्या तिघांनी स्लाइड्स वाटून घेतल्या. प्रश्नांची उत्तरं द्यायचा भाग मी मागून घेतलाय. कुणी तो भाग केला असेल तर आज रात्री सांगाल का, प्रश्नच नीट कळला नाही तर पुन्हा कसा विचारायचा?